अंगणातील वृक्ष : जतन आणि जोखीम

वळवाच्या वादळात फांदी मोडून पत्र्यावर कोसळेपर्यंत अंगणातील झाडाच्या प्रकृतीची विचारपूस करावयाची नाही, असा आपल्याकडील जुना रिवाज आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण, मुरमाड भूमीत कडुनिंब आणि हिवर हे येथील कदीम रहिवासी खोल मुळांच्या बळावर तग धरतात. उलट मादागास्करहून आलेला, उथळ मुळांचा आणि ठिसूळ लाकडाचा गुलमोहर भिंतीलगत लावण्याचा मोह, त्याच्या फुलांचे सौंदर्य निर्विवाद असले तरी, आवरलेलाच बरा. एतद्देशीय म्हणून प्रत्येक वृक्ष घरालगत निर्धोक ठरतो, असेही नाही. संगमनेर तालुक्यातील पेमगिरीच्या महावटाचा विस्तार ज्याने पाहिला आहे, तो वडाचे रोप ओट्याशेजारी खचित लावणार नाही.

बुंध्याशी उगवलेली अळंबी, खोडाचा पोकळ नाद, अकस्मात आलेला कल आणि मुळांभोवती भेगाळलेली जमीन ही धोक्याची लक्षणे होत. जड फांदी उतरविताना प्रथम खालून अर्धवट काप घ्यावा, म्हणजे ती कोसळताना खोडाची साल सोलली जात नाही. बुंध्याला भिडवून फरशी बसविणे हा तर झाडाचा मंद वधच!

नागरी हद्दीत, झाड स्वतःच्या मालकीच्या आवारात असले तरी, १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमान्वये पूर्वपरवानगीखेरीज ते तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला आहे. अर्ज आणि पाहणी यांत काळ जातो, म्हणून संशयित झाडाची तपासणी चैत्रातच उरकावी.