झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी त्याचा ताण ओळखा

धुऱ्यावरचे वीस वर्षांचे झाड तुम्ही दाराच्या चौकटीसाठी तोडता. करवत पार होते न होते तोच ओंडक्याच्या तोंडाला गाभ्यापासून चांदणीसारख्या चिरा पडतात. फळी काढावी, तर ती आऱ्यावरच वाकते. मग ओलीला बोल लावला जातो. पण वाळल्याने पडणारी भेग काही दिवसांनी दिसते. तोडताक्षणी पडते ती चीर झाडाने उभ्यानेच साठवलेल्या ताणाची असते.

हा ताण येतो कसा? सालीखाली दरवर्षी लाकडाचा नवा थर धरतो. पक्का होताना तो लांबीत आखडू पाहतो, आतले जुने लाकूड मात्र त्याला अडवते. म्हणून बाहेरचा भाग ताणलेला आणि गाभा दाबलेला राहतो. बंडीच्या चाकावर तापवून बसवलेली धाव निवताना चाकाला आवळते, तसेच हे. फक्त इथे ओढ उभी असते. झाड कापले की ती सुटते.

निलगिरीत हा ताण फार असतो. मेळघाटच्या सागाला चौकटीसाठी मान आहे, कारण तो वाळताना थोडाच आकसतो. पण झाड कललेले असेल तर सागही दगा देतो.

तोडण्याआधी या खुणा पाहा:

१. झाड कललेले आहे काय? बाभूळ, कडुनिंब, साग यांत कलाच्या वरच्या अंगाला जादा ओढीचे लाकूड धरते.

२. फांद्यांचा भार एकाच अंगाला आहे काय?

३. सालीच्या रेषा पिळलेल्या आहेत काय? अशी फळी पीळ खाते.

४. तोडल्यावर गाभा मध्यावर न दिसता एका अंगाला सरकलेला दिसला, तर फळ्या वाकणार असे समजा.

असे झाड सरपणाला किंवा कुंपणाच्या खांबांना ठेवा. चौकटीसाठी सरळ, जाड बुंध्याचे निवडा. ओंडका शक्य तितका लांब ठेवा, तोंडांना लगेच डांबर लावा आणि सावलीत ठेवून लवकर चिरून घ्या. फळ्या एकाच अंगाने न काढता समोरासमोरच्या अंगांनी आलटून पालटून काढायला सांगा. गाभ्याचा भाग वेगळा करा. मग फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी रचा, वर वजन ठेवा. अकोल्याच्या वैशाखातले ऊन त्यांना लागू देऊ नका.

सागाला तोडण्याची परवानगीही लागते. ती काढायला जाण्याआधी गावच्या सुताराला घेऊन झाडाभोवती एक फेरी मारा. वीस वर्षांची वाढ एका सकाळी वाया जाणार नाही.