चौडे टायर, भारी लूक... आणि पावसाळा!

स्पोर्ट्‌स कारला रुंद व्हील्स टाकली की गाडी झक्कास दिसते, यात वादच नाही. पण देवनारच्या रस्त्यांवर, ऐन जुलैत, तीच गाडी चालते कशी? कार्ड स्वाइप करण्याआधी जरा हे वाचाच.

सचिनची ती लाल फेरारी आठवतेय? ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकरच्या हस्ते मिळालेली ३६० मोडेना! पुढे कस्टम ड्यूटीच्या माफीवरून गदारोळ झाला, २०११ मध्ये गाडी सुरतच्या एका उद्योजकाकडे गेली, २०१२ मध्ये राजेश मापुसकरांचा ‘फेरारी की सवारी’ आला. त्या गाडीबद्दल आपण सगळं बोललो. टायरबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. तिचे पुढचे टायर २१५/४५ आर १८ आणि मागचे २७५/४० आर १८. म्हणजे मागचा टायर पुढच्यापेक्षा तब्बल ६० मिलिमीटर रुंद!

हा काही शो-ऑफ नव्हता. मोडेनाचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि त्याची ४०० च्या आसपास हॉर्सपॉवर जाते फक्त मागच्या चाकांकडे. वजन मागे, ताकद मागे, म्हणून रबरही मागे जास्त. थोडक्यात काय, तर रुंदी आधी कागदावरच्या हिशेबातून येते आणि मग डोळ्यांना छान दिसते. आपल्याकडे गाडी नेमकी उलटी चालते. आधी लूक ठरतो, हिशेब नंतर. कधी कधी तर इन्शुरन्सवाल्यासमोर बसल्यावरच!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा एक मित्र. नोकरी बीकेसीत, घर देवनारला. पाच वर्षं पैसे साठवून पठ्ठ्याने सेकंड हँड टू-सीटर घेतली. आता त्याला तिच्यावर १८ इंची अलॉय आणि ‘चौडे’ टायर हवे होते. अर्ध्या मुंबईसारखा तोही आधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाउसला फिरून आला. फोटो काढले, भाव काढले. शेवटी घराजवळच्या, घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या आतल्या गल्लीतल्या टायरच्या दुकानात गेला, तेव्हा मीही सोबत होते. दुकानाच्या मालकांना सगळे ‘मामा’ म्हणतात. मामांनी फोटो पाहिले, ‘मस्त आहे’ म्हणाले आणि कॅल्क्युलेटर काढला.

आकड्यांचं कोडं

टायरच्या अंगावर लिहिलेले आकडे आपण कधी वाचतो का? मित्राच्या गाडीचे टायर होते २२५/४५ आर १७. यातले २२५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ४५ टक्के. साधारण १०१ मिलिमीटर. आणि १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. हे जोडलं की चाकाचा पूर्ण व्यास येतो सुमारे ६३४ मिलिमीटर.

मित्राला हवे होते २५५/३५ आर १८. व्यास येतो जेमतेम ६३६. मोठं रिम घ्यायचं, पण भिंत बुटकी करून चाकाची एकूण उंची तेवढीच ठेवायची, हाच या धंद्यातला बेसिक फंडा. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा टायरवाल्यांचा ठोकताळा आहे. कारण स्पीडोमीटर आणि एबीएसचा सगळा हिशेब चाकाच्या फेऱ्यांवर चालतो. उदाहरणार्थ, याच गाडीला २३५/४० आर १८ लावले तर काट्यावर १०० दिसत असताना गाडी खरंतर १०२ च्या आसपास पळत असेल.

मित्र खूष! त्याची निवड गणितात फर्स्ट क्लास पास झाली होती. ‘मग अडचण काय?’ त्याने विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, ‘साहेब, ही फक्त उंची झाली. जाडी कुठे बसवणार?’

आत किती, बाहेर किती?

इथे येतो ऑफसेट. रिमचा मध्य आणि हबला टेकणारी जागा यांच्यातलं हे अंतर. रिमवर ते ‘ईटी’ अशा अक्षरांपुढे कोरलेलं असतं. मित्राचं जुनं रिम साडेसात इंच रुंद, नवं नऊ इंच. ऑफसेट तोच ठेवला, तर वाढलेला दीड इंच दोन्हीकडे सारखा वाटला जातो. १९ मिलिमीटर आत सस्पेन्शनकडे, १९ बाहेर फेंडरकडे. ऑफसेट ४५ वरून ३५ केला, तर आत फक्त ९ वाढतात, पण बाहेर २९! म्हणजे स्ट्रट वाचला, तर फेंडर मेला.

मामांनी गाडी जॅकवर घेतली आणि चाकामागे बोटं घालून दाखवलं. आतल्या बाजूला एक बोट कसंबसं शिरत होतं. सरळ रस्त्यावर काही कळणार नाही. पण स्टिअरिंग पूर्ण वळवून पार्किंगच्या रॅम्पवर चढलात, किंवा शेजारी माणूस बसवून स्पीडब्रेकर उतरलात, की ‘खर्रर्र’! टायर रोज थोडा थोडा कापला जातो आणि तोही आतून, जिथे आपण कधी बघत नाही.

काही जण स्पेसर टाकून चाक बाहेर ढकलतात. त्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टिअरिंग जड होतं आणि रस्त्यातली प्रत्येक चर गाडीला आपल्या बाजूला ओढू लागते.

रुंद म्हणजे जास्त ग्रिप?

कोरड्या रस्त्यावर, वळणावर, बऱ्याच अंशी हो. पण एक गंमत माहितेय? टायर रुंद केला म्हणून जमिनीला टेकणारा भाग त्याच प्रमाणात वाढत नाही. तो मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतो. रुंद टायरमध्ये त्या ठशाचा आकार बदलतो. तो आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो. वळताना हे कामाला येतं, टायरची बुटकी भिंत कमी वाकते आणि स्टिअरिंग एकदम शार्प वाटतं.

आता आणा पावसाळा. टायरच्या खाचांचं काम असतं पाणी बाजूला सारणं. टायर रुंद, तर सारायचं पाणी जास्त आणि ठसा आखूड, तर वेळ कमी. पाणी वेळेत सरलं नाही, तर टायर त्यावर चक्क तरंगतो. याला म्हणतात अ‍ॅक्वाप्लेनिंग. स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, गाडी ऐकतच नाही. त्यात टायर झिजलेला असेल, तर बघायलाच नको. ईस्टर्न फ्रीवेवर जुलैच्या सरीत साचलेल्या पाण्यातून ८० च्या स्पीडने जाणं आणि टायर रुंद असणं, हे कॉम्बिनेशन अजिबात कूल नाही.

देवनार टेस्ट

कॅटलॉगमधली गाडी गुळगुळीत रस्त्यावर उभी असते. देवनारमधली गाडी डम्परच्या मागे उभी असते! लिंक रोडवर डम्पिंग ग्राउंडकडे जाणाऱ्या कचऱ्याच्या गाड्यांची रांग, पत्र्याचे तुकडे, खिळे, पाण्याखाली लपलेले खड्डे. भिंत १०१ वरून ८९ मिलिमीटरवर आली की खड्ड्याचा दणका झेलायला रबर तेवढंच कमी. मग एक तर टायरच्या भिंतीला फुगा येतो, नाहीतर अलॉय वाकतो किंवा तडकतो. फुगा आलेला टायर पंक्चरसारखा काढता येत नाही. तो फेकावाच लागतो.

शिवाय मोठं व्हील बहुतेक वेळा जड असतं. त्यामुळे पिकअप मंदावतो, मायलेज घटतं आणि काँक्रीटच्या रस्त्यावर प्रत्येक जोड कानात वाजतो. वेगासाठी पैसे मोजायचे आणि गाडी हळू करायची, याला काय म्हणायचं?

कायदा काय म्हणतो?

हा भाग कंटाळवाणा, पण सर्वांत महागडा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याहून मोठी भीती क्लेमची. अपघात झाला आणि न कळवलेले बदल सर्व्हेयरच्या डोळ्यांत भरले, की वाद अटळ. सेफ वाट एकच. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या साइजमध्येच राहा आणि बदल इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा.

मित्राने काय केलं? दोन दिवस तोंड पाडून बसला. मग मूळ २२५/४५ आर १७ साइजमध्येच, पण ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे वरच्या दर्जाचे चार टायर घेतले आणि अलाइनमेंट करून घेतली. गाडीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा ‘नवीन काय?’ असं कुणीतरी विचारलंच. काहीच दिसत नव्हतं. पण त्याच आठवड्यात फ्रीवेवर समोरच्या टॅक्सीने भर पावसात करकचून ब्रेक मारला, तेव्हा तो तिच्या मागे हातभर अंतरावर थांबला. १८ इंची अलॉयचा विषय त्यानंतर त्याने काढलेला नाही.

पैसे देण्याआधी...

* रिमचा बोल्ट पॅटर्न, मधलं भोक आणि ऑफसेट तुमच्या गाडीशी जुळतात का, हे कागदावर लिहून घ्या.
* नव्या टायरचा लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग मूळ टायरपेक्षा कमी नको.
* टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. ‘नवा’ टायर दुकानात जुना झालेला असू शकतो.
* एकच चाक बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. घासलं तर तिथेच ‘नको’ म्हणा.
* पुढे-मागे वेगळी रुंदी असेल, तर चाकांची अदलाबदल करता येणार नाही. टायर लवकर संपतील, हे बजेटमध्ये धरा.
* हवा किती हवी, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. मित्राच्या तोंडी नव्हे!
* खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचाच. पावसाळा तोंडावर असेल, तर त्याच्या बराच आधी.