जंतू नसताना पेटणारा दाह

आज बुरशीच्या विषाबद्दल बोलू, पण सुरुवात काश्मीरपासून.

१९८७ साली काश्मीर खोऱ्यात अनेक घरांतून सारख्याच तक्रारी येऊ लागल्या. रोटी खाल्ली की थोड्याच वेळात पोटदुखी, घशात खवखव, उलट्या, जुलाब. काहींना शौचावाटे रक्तही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा माग लागला तो पावसात भिजून बुरशी आलेल्या गव्हाचा. पिठात बुरशीची विषं सापडली. त्यांतलं एक डीऑक्सिनिव्हॅलेनॉल. आपण ‘डॉन’ म्हणू, तसंही ते शोभतं!

हे डॉन शरीरात करतं काय? प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात. डॉन नेमकं तिथे जाऊन अडकतं. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशी, याबाबत फार हळव्या. रायबोसोम अडखळला की त्या संकट आलं असं समजतात. पी-३८ सारखी एन्झाइमं जागी होतात आणि टीएनएफ, आयएल-६ ही दाह पेटवणारी प्रथिनं बाहेर पडतात. जंतू एकही नाही, आणि लढाई सुरू!

आता तुम्ही विचाराल, कारखानाच अडला तर ही प्रथिनं बनतात कशी? प्रश्न रास्त आहे. विष थोडं असेल तर सगळे रायबोसोम बंद पडत नाहीत. शिवाय पी-३८ मुळे दाहाच्या प्रथिनांचे आरएनए संदेश लवकर नष्ट होत नाहीत. संदेश जास्त वेळ टिकला, की त्यावरून माल जास्त निघतो.

मात्रा वाढली की चित्र उलटतं. तीच साखळी पेशीला आत्मनाशाकडे नेते, आणि रक्षकच कमी होतात. म्हणून ‘बुरशीने प्रतिकारशक्ती वाढते की घटते’ याला एका शब्दात उत्तर नाही. अर्थात, हे बरंचसं प्रयोगशाळेतल्या पेशी आणि उंदरांवरून कळलेलं आहे. एकदा चुकून बुरसट घास गेला म्हणून घाबरून जाऊ नका.

भाजल्याने मात्र डॉन फारसं जात नाही. कुबट गव्हाला ऊन दाखवून दळायला नेलं, तर बुरशी वाळेल, विष तसंच राहील. तो गहू जनावरांपुढेही टाकू नका. डुकरांना त्याने उलट्या होतात. या विषाचं दुसरं नाव ‘व्हॉमिटॉक्सिन’ त्यावरूनच पडलं.