रक्ताचा थेंब नसलेली रहस्यकथा

कॉलेज, आग, अर्धवट वितळलेली अक्षरे आणि मुखपृष्ठावर नसलेले एक मराठी नाव. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजाची ही गोष्ट कुणी कादंबरी म्हणून लिहिली, तर ती हातातून खाली ठेववणार नाही!

आमच्या आत्याला रहस्यकथांचे भारी वेड. पण तिची एक अट असे. आत मुडदा नको! गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत ती संध्याकाळी जायची आणि काउंटरवरच्या काकांना भर गर्दीत विचारायची, ‘‘अहो, यात खून कितव्या पानावर आहे?’’ काका बिचारे डोके खाजवायचे. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक कादंबऱ्यांत बिनखुनाची शोधून काढायची म्हणजे खायचे काम नव्हे. मग आत्या धनंजय-छोटूची एखादी घेऊन यायची आणि रक्ताची पाने चक्क उलटून पुढे वाचायची. ‘‘मला कोडे हवे असते रे, प्रेत नको,’’ असे तिचे म्हणणे.

आत्याला जे हवे होते त्याला इंग्रजीत एक नाव आहे, हे मला फार उशिरा कळले. ‘कोझी मिस्ट्री’. म्हणजे उबदार, घरगुती रहस्यकथा. या कथांत जागा छोटी असते आणि सगळे एकमेकांना ओळखतात. शोध घेणारा पोलीस नसतो. तो शिक्षक असतो, ग्रंथपाल असतो, नाहीतर शेजारच्या निवृत्त बाई असतात. हिंसा झालीच तर पडद्याआड. चहाच्या फेऱ्या मात्र भरपूर. आणि शेवटी विसकटलेली घडी पुन्हा बसते.

अशा कथेला कॉलेजासारखी दुसरी जागा नाही. फाटक असते, वेळापत्रक असते, मोठ्या-छोट्या पगारांची उतरंड असते आणि स्टाफरूममध्ये मुरलेले हेवेदावे असतात. शिवाय सगळी माणसे कागदाशी खेळणारी. त्यामुळे धागेदोरेही कागदाचेच. फाडलेले पान, बदललेले हस्ताक्षर, तळटीपेत गाडलेले नाव! डोरोथी सेयर्स या लेखिकेची १९३५ सालची ‘गॉडी नाइट’ ही या प्रकारातली गाजलेली कादंबरी. ऑक्सफर्डमधले मुलींचे एक काल्पनिक कॉलेज, तिथे येणारी घाणेरडी निनावी पत्रे, एका प्राध्यापक बाईंच्या ग्रंथाच्या मुद्रितांची नासधूस. पाचशेच्या आसपास पाने, पण खून एकही नाही. आत्याला वाचून दाखवायला हवी होती.

मराठीत कॉलेजातल्या प्रेमकथांना तोटा नाही, पण अशी रहस्यकथा शोधावीच लागते. गंमत अशी की, छापील मराठी पुस्तकाचा पाळणा जिथे हलला, ते कॉलेजच मुळात एका रहस्यकथेची जागा आहे. तेही कुठे, तर ब्योमकेश बक्षी आणि फेलूदा यांच्या कोलकात्यात! १९९३ साली दूरदर्शनवर धोतर-कुर्त्यातला रजित कपूर पाहून आपण ज्या शहराच्या प्रेमात पडलो, तेच हे शहर.

किल्ल्यात नसलेले कॉलेज

पहिली फसगत नावापासूनच होते. फोर्ट विल्यम कॉलेज हे काही किल्ल्यात भरत नव्हते. १८०० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने ते काढले आणि वर्ग भरू लागले ते रायटर्स बिल्डिंगमध्ये. लाल रंगाची हीच इमारत पुढे बंगालचे सचिवालय झाली. विद्यार्थी कोण? विलायतेतून कंपनीच्या नोकरीत आलेली सोळा-अठरा वर्षांची पोरे. त्यांना इथल्या भाषा शिकवायच्या. शिकवणारे साहेब ‘प्रोफेसर’, आणि त्यांच्या हाताखाली ‘पंडित’ नि ‘मुन्शी’.

मराठी तिथे कशी पोचली? पुस्तकप्रेमामुळे नव्हे, तर लढाईमुळे. १८०३ साली इंग्रज-मराठे दुसरे युद्ध झाले, नागपूरकर भोसल्यांकडून कटक प्रांत कंपनीकडे गेला. आता मराठी कागद वाचता येणारे अधिकारी हवे होते आणि ते कागद मोडीत होते. ज्या कोलकात्याने १७४२ साली भोसल्यांच्या स्वारीच्या धास्तीने शहराभोवती ‘मराठा खंदक’ खणायला घेतला, त्याच शहरात साठ वर्षांनी गोरी पोरे मराठीची बाराखडी घोकू लागली!

त्यांचे गुरुजी विल्यम कॅरी. नॉर्थम्प्टनशरमधला हा मूळचा चांभार, मिशनरी होऊन १७९३ साली बंगालमध्ये आला. १८०१ पासून कॅरी कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवू लागले, मागाहून मराठीही. मुक्काम मात्र हुगळीच्या काठावर, कोलकात्यापासून पंचवीसेक किलोमीटर वरच्या अंगाला असलेल्या श्रीरामपूरला. (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे!) हे गाव तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यात होते. तिथे कॅरी, जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड यांनी छापखाना उभारला. मंगळवारी संध्याकाळी होडीने कोलकात्याला जायचे, शुक्रवारी परतायचे, असा कॅरींचा आठवडा. हा मंगळवार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

११ मार्च १८१२, बुधवार

संध्याकाळचे सहा वाजत आले होते. दोनशे फुटांच्या आसपास लांबीचा छापखाना. वॉर्ड आपल्या टेबलाशी हिशेब करीत बसले होते. एवढ्यात धूर दिसला. विलायतेहून आलेले छपाईचे कागद ज्या फळ्यांवर रचून ठेवले होते, त्यांच्या खालून ज्वाळा येत होत्या.

वॉर्डनी घाबरून पळ काढला नाही. त्यांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या. आत वारा गेला नाही तर आग गुदमरेल, हा हिशेब. छपराला भोक पाडून वरून पाणी ओतायला माणसे लावली. चार तास ही झुंज चालली आणि आग हटू लागली होती. तेवढ्यात कुणीतरी एक खिडकी उघडली.

वारा आत घुसला आणि सारे संपले. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले.

जीवितहानी झाली नाही. बाकी मात्र काय काय गेले! हजारापेक्षा अधिक रीम कागद. चौदा पौर्वात्य भाषांचे खिळे, म्हणजे जुळारी एकेक उचलून ओळ जुळवतो ती शिशाची अक्षरे. रामायणाच्या भाषांतराची हस्तलिखिते. तेलुगू आणि पंजाबी व्याकरणांचे कागद. आणि कॅरींचा अनेक भाषांचा महाकोश, ज्यावर त्यांनी वर्षानुवर्षे रात्री जाळल्या होत्या. नुकसानीचा आकडा सत्तर हजार रुपयांच्या घरात. त्या काळी कॉलेजातल्या साध्या पंडिताला महिना चाळीस रुपये मिळत, यावरून अंदाज करा.

कॅरी कुठे होते? कोलकात्यात. बुधवार होता ना! दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन होडीने ही बातमी घेऊन गेले, आणि संध्याकाळी परतलेल्या कॅरींनी धुमसत्या राखेतून फेरी मारली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

संशयित कोण कोण?

आता रहस्यकथेचा शिरस्ता पाळू. आग लागली कशी, हे तेव्हाही उलगडले नाही आणि आजही उलगडलेले नाही.

कॅरींच्या बाजूने तर भक्कम पुरावा, गुन्ह्याच्या वेळी ते दुसऱ्याच गावी. छापखान्यावर डोळा कुणाचा होता म्हणाल, तर कंपनी सरकारचा. १८०७ साली एका फारसी पत्रकावरून वादळ उठले होते आणि छापखाना कोलकात्यात, सरकारच्या नजरेखाली हलवा, असा हुकूम निघाला होता. डॅनिश गव्हर्नरने हरकत घेतली म्हणून ते टळले. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी श्रीरामपूरच ताब्यात घेतले. म्हणजे हेतू मिळाला, संधीही मिळाली. पण थांबा! इथे चांगला लेखक वाचकाला चकवतो. त्याच सरकारच्या कॉलेजची पुस्तके याच छापखान्यात छापली जात होती. स्वतःचे पाठ्यपुस्तक कोण जाळेल? सरकारविरुद्ध कसलाही पुरावा नाही, तेव्हा या संशयिताला सोडून द्यावे लागते.

राहतो कुणाच्या तरी हातून झालेला निष्काळजीपणा. माझ्यापुरते म्हणाल तर ते जास्त पटते. मला खरी टोचणी लागते ती त्या खिडकीची. आग लावणाऱ्यापेक्षा खिडकी उघडणारा माणूस मला कादंबरीचे पात्र वाटतो. मदतीलाच आलेला असणार तो!

आणि घडी पुन्हा बसण्याचे काय? तीही बसली. राखेखाली शिशाचा टनावारी गोळा सापडला. बाजूच्या खोलीतली छपाईयंत्रे वाचली होती, आणि मुख्य म्हणजे अक्षरे पाडायचे पोलादी ठसे शाबूत होते. हे ठसे घडवले होते पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आणि त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर याने. वितळलेले शिसे पुन्हा ओतून त्याच ठशांवरून नवे खिळे पाडायला लगेच सुरुवात झाली. विलायतेत दोन महिन्यांत दहा हजार पौंडांची वर्गणी जमली, आता पुरे म्हणून सांगावे लागले.

दुसरे रहस्य

इथवरची गोष्ट इंग्रजी चरित्रांतून पुष्कळदा सांगितली जाते. पण मराठी वाचकाने त्याच कॉलेजात जरा वेगळा कंदील घेऊन शिरायला हवे.

आगीच्या सात वर्षे आधी, १८०५ साली, श्रीरामपूरला मराठी भाषेचे व्याकरण छापले गेले. (त्याच साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून गीता छापली गेली. दोन टोकांना दोन प्रयत्न, एकमेकांचा पत्ता नाही.) मुखपृष्ठावर नाव कॅरींचे. सोबत नेहमीच्या विषयांवरचे मराठी संवादही जोडलेले. आता आत्याच्या नजरेने पाहा. नॉर्थम्प्टनशरचा चांभार, सारी हयात बंगालमध्ये. मराठी मुलखात त्याचा संसार कधी झाला नाही. मग घराअंगणातले मराठी बोलणे त्याच्या कानी घातले कुणी?

उत्तर प्रस्तावनेत आहे. कॅरी उपकार मानतात ते कॉलेजच्या मुख्य मराठी पंडितांचे. साहेबाच्या इंग्रजी स्पेलिंगात ते ‘विद्युनाथ’ झाले आहेत. हे आपले पंडित वैजनाथ शर्मा. नागपूरकडचे, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आला, मराठी शब्द मोडी लिपीत. मुखपृष्ठावर पुन्हा कॅरीच.

कॅरी लबाड होते, असे मला म्हणायचे नाही. लबाड माणूस प्रस्तावनेत नाव घालत नाही. त्या उतरंडीत पुस्तक प्रोफेसराचे आणि कष्ट पंडिताचे, ही रीतच होती. बंगालीच्या पंडितांचे नशीब जरा बरे. रामराम बसूंचे ‘राजा प्रतापादित्य चरित्र’ १८०१ सालीच आले, मृत्युंजय विद्यालंकारांचे ‘बत्रिश सिंहासन’ १८०२ मध्ये. आज त्यांची नावे बंगाली मुले शाळेत शिकतात. वैजनाथांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

आणि तरी या कथेत एक सुखद वळण आहे. आगीनंतर दोनच वर्षांनी, १८१४ साली, श्रीरामपूरहून ‘सिंहासन बत्तिशी’ निघाली. १८१५ मध्ये ‘हितोपदेश’ आणि १८१६ मध्ये ‘प्रतापादित्य चरित्र’. तिन्ही मराठीत, आणि तिन्ही वैजनाथ पंडितांची! पुण्यात अजून पेशवाई चालू होती आणि मराठीचे छापील गद्य दीड हजार किलोमीटर दूर, हुगळीच्या काठावर, बंगाली कारागिरांनी घडवलेल्या खिळ्यांतून उमटत होते. त्या कॉलेजात पंडिताची सावली अखेर स्वतःच्या नावानिशी बाहेर आली.

मग ती विसरली का गेली? धागा लिपीत आहे. ही पुस्तके मोडीत छापलेली. व्यवहाराची लिपी म्हणून त्या काळी ती निवड रास्तच होती. पण पुढे मराठी छपाई देवनागरीच्या वाटेने गेली, शाळांतूनही मोडी गेली. आज ‘सिंहासन बत्तिशी’ची ती प्रत तुमच्या-माझ्यापुढे ठेवली तर एक ओळ वाचता यायची नाही. श्रीरामपूरच्या आगीनंतर निघालेले पुस्तक आपल्याच हातात बंद पडून आहे. आगीचा गुन्हेगार सापडला नाही; या दुसऱ्या प्रकरणात शोध फार लांब घ्यायला नको!

फोर्ट विल्यम कॉलेज १८५४ मध्ये बंद झाले. किल्ला मात्र लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय म्हणून उभा आहे आणि त्याचे नावही बदलले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे तो आता ‘विजयदुर्ग’ आहे, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किल्ल्यावरून. त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाला शिवाजी दरवाजा म्हणतात. मराठ्यांच्या भीतीने खंदक खणणाऱ्या गावात! हावड्याहून लोकलने पाऊण तासात श्रीरामपूरला पोचता येते. तिथे १८१८ साली निघालेले कॉलेज आहे, कॅरींच्या वस्तूंचे संग्रहालय आहे.

कादंबरी लिहायची कुणाला हौस असेल तर पात्रे तयार आहेत. शोध घेणारा म्हणून मी तरी वैजनाथ पंडितांनाच घेईन. मितभाषी, पगारापेक्षा चष्म्याची काळजी जास्त, आणि हस्ताक्षरावरून माणूस ओळखणारे. (चष्मा माझ्या पदरचा.) साहित्यही हाताशी आहे. कॅरींचे व्याकरण आणि कोश दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, आणि मोडीचे वर्ग पुण्या-मुंबईत अधूनमधून भरत असतात. आमच्या आत्याने वयाच्या बासष्टाव्या वर्षी अशाच एका वर्गात नाव घातले होते. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, ‘‘अरे, हे तर आजोबांच्या खतपत्रांतले अक्षर!’’ आणि माळ्यावरची ट्रंक काढायला लावली.