आधी माणूस, मग त्याची चूक

समुपदेशकाकडे जा, असे कुणी सुचवले की आपल्या घरांतून दोन शंका हमखास निघतात. ‘आम्ही काय वेडे आहोत?’ ही पहिली. दुसरी म्हणजे, ‘तिथे मिळणार काय? नसीहतच ना? ती तर घरी रोज मिळते.’ पहिल्या शंकेवर पुष्कळ बोलले जाते. आज दुसरीकडे पाहू. चांगल्या समुपदेशकाचे काम नसीहतीपासून सुरू होत नाही. समोरच्या माणसाला तो आधी आहे तसा, अट न घालता स्वीकारतो.

हा विचार ठामपणे मांडला तो कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी. १९२८ पासून बारा वर्षे ते रोचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम करत होते. तिथला एक अनुभव त्यांनी लिहून ठेवला आहे. एका हूड मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. आईने लहानपणी झिडकारल्यामुळे मुलगा असा वागतो, असे रॉजर्स यांचे मत झाले होते. अनेक भेटींत त्यांनी हे तिला समजावून पाहिले, पण उपयोग झाला नाही. अखेर दोघांनी थांबायचे ठरवले. बाई दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, इथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो का? हो म्हणताच त्या परत बसल्या आणि नवऱ्याशी बिघडलेल्या नात्याचे दुःख बोलू लागल्या. रॉजर्स ऐकत राहिले. पुढे त्या सावरल्या आणि मुलगाही सुधारला. कुठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्स यांनी यातून घेतला.

१९५७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी माणसात बदल घडवणाऱ्या गोष्टी सांगितल्या. समुपदेशकाचा खरेपणा, समोरच्याचे दुःख त्याच्या जागेवरून समजून घेणे आणि विनाअट स्वीकार या त्यांतल्या मुख्य तीन.

मग चुकीलाही बरोबर म्हणायचे का? मुळीच नाही. समजा, ‘नीट’मध्ये दोनदा अपयश आलेला एक मुलगा आहे. अब्बूंनी कर्ज काढून क्लासची फी भरली आहे. मुलगा मात्र वर्षभर क्लास चुकवून घरी खोटे सांगतो आहे. समुपदेशक त्याला ‘छान केलेस’ म्हणणार नाही, आणि ‘अब्बूंचे कष्ट विसरलास?’ असेही विचारणार नाही. एवढे ओझे एकट्याने कसे वागवलेस, हे तो विचारील. रागावणे ठरलेलेच आहे असे दिसले की मूल आधी बचाव तयार करते. आम्हा शिक्षकांना हे वर्गात रोज दिसते. बचावाची गरज संपली की तेच मूल स्वतःच्या चुकीकडे सरळ पाहू शकते. मग खरे काय ते अब्बूंना सांगण्याची हिंमतही तिथेच गोळा होते.

गुण आणले तर लाडका, शब्द मानला तर शहाणी, अशा अटींवर मिळालेल्या प्रेमाने मुले आपले खरे रूप लपवायला शिकतात, असे रॉजर्स यांचे म्हणणे होते. मात्र पूर्णपणे विनाअट स्वीकार हा आदर्श आहे आणि प्रत्यक्षात तो कमी-अधिक असतो, हेही त्यांनी मान्य केले होते. समुपदेशकही माणूसच आहे. कुणी सतत दोषच देत असेल, तर दुसरा समुपदेशक शोधावा.

बोललेले बाहेर फुटेल का, ही भीती अनेकांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल अशा मोजक्या प्रसंगांचा त्याला अपवाद आहे. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

घरच्यांनी एवढे करावे. मुलगा किंवा सून समुपदेशकाकडून परत आली की ‘काय काय सांगितलेस?’ असे विचारू नये. चहा द्यावा, शेजारी बसावे. सांगावेसे वाटले तर ती स्वतः सांगेल. तेव्हा मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.