खोती, गिरणी आणि अर्थशास्त्राचा नवा विचार

अर्थशास्त्र म्हटले की आकडे आणि अंदाजपत्रके डोळ्यांसमोर येतात. हा विषय विद्वानांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. परंतु देवरूख परिसरातील आपल्या आजोबा-पणजोबांचे जीवन खोताची जमीन आणि मुंबईची गिरणी या दोन गोष्टींनी घडविले. अर्थशास्त्राचे खरे धडे तेथेच आहेत.

प्रथम खोती पाहू. रत्नागिरी जिल्ह्यात खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला. तो गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून पिकाचा वाटा घेई. अर्धेलीने कसणाऱ्याला निम्मे पीक द्यावे लागे; वेठ वेगळीच. कुळाने बांध घातला, खत टाकले, तरी वाढलेल्या पिकातही खोताचा वाटा असेच. मग त्याने अधिक राबावे कशासाठी? म्हणजे विषमता हा केवळ अन्याय नव्हता. तिने उत्पादनही खुंटविले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. तुकडा पुरेसा आहे की नाही हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण पाहावे लागते, असे त्यांनी दाखविले. शेतीवरील माणसांचा जादा भार उद्योगधंद्यांनी हलका करावा, हा त्यांचा उपाय होता. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. ते विधेयक संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

पण कारखाना आला म्हणजे समता आली, असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार अधिक. तेथे धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. बाजार माणसाची जात विचारीत नाही असे पुस्तके सांगतात. गिरणी मात्र विचारीत होती. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. असंख्य कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही आणि कोकणातल्या घराघरांत येणारी मनीऑर्डर आटली.

आज जगातील अर्थतज्ज्ञही हाच विचार नव्याने करीत आहेत. राष्ट्रीय उत्पन्नावरून जनतेचे कल्याण मोजता येत नाही, असा इशारा सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच दिला होता. २०१३ मध्ये फ्रान्सच्या थॉमस पिकेटी यांनी दाखविले की, वाढ मंद असताना मालमत्तेचे उत्पन्न त्या वाढीहून वेगाने फुगते, आणि कष्टापेक्षा वारशाला अधिक मोल येते. खोताच्या कुळाला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती आपण लवकर दूर केली नाही, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. सरकारे बदलतात, परंतु हा प्रश्न त्या बदलाने आपोआप सुटत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, देशाचे उत्पन्न किती टक्क्यांनी वाढले हे वाचताना तेथेच थांबू नका. ते कोणाच्या घरात गेले, हेही विचारा. आपल्या घरचा सात-बारा काढून पाहा. त्यावर कोणाचे नाव आहे, आईचे, बहिणीचे आहे का, की नावच नाही? कसणारा कोण आणि मालक कोण? या प्रश्नांपासून आपले अर्थशास्त्र सुरू होते.