शस्त्रक्रियेनंतर हृदयाचा ताल का चुकतो?

श्रीगोंद्याला शिक्षकांशी गप्पा चालू असताना एका सरांनी आम्हांला प्रश्न विचारला. त्यांच्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया पुण्याला झाली होती. ती व्यवस्थित पार पडल्याचे कळले आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या दिवशी मात्र वडिलांच्या छातीत धडधड सुरू झाली. नाडी भराभर चालू लागली, आणि तीही वेडीवाकडी. डॉक्टर म्हणाले, "दाहामुळे असे होते." सरांनी आम्हांला विचारले, "शस्त्रक्रिया चांगली झाली होती, तर हे आले कुठून?"

हा अनुभव काही एका घरचा नाही. बायपास झालेल्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे तिघांना तो येतो. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण आणखी जास्त असते.

ताल म्हणजे काय?

आपल्या हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद आणि खालचे दोन म्हणजे निलय. उजव्या अलिंदातील पेशींचा एक लहानसा पुंजका ठरावीक वेळाने विद्युत् संदेश सोडतो. तो पेशीपेशींतून पसरतो आणि अलिंदे एकदम आकुंचन पावतात. लेझमीच्या खेळात हलगीचा ठेका सर्वांना एकाच वेळी ऐकू आला, तरच पावले जुळतात. येथेही तसेच आहे.

ताल बिघडतो तेव्हा अलिंदांच्या भिंतींत मिनिटाला ३५० ते ६०० संदेश भरकटत फिरू लागतात. अलिंदे आकुंचन न पावता नुसती थरथरतात. याला 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. यांतले काही संदेश खाली निलयांपर्यंत पोचतात, पण कोणता पोचेल याचा नेम नसतो. म्हणून नाडीचे दोन ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत.

दाहाचा संबंध

बोटात बाभळीचा काटा मोडला, की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. हाच दाह. इजा झाली, की शरीर तेथे पांढऱ्या पेशी आणि अनेक रसायने धाडते. हृदयशस्त्रक्रियेत तर इजेची कारणे एकाहून अधिक असतात. छातीवर आणि हृदयाजवळ छेद घेतलेला असतो. हृदय-फुप्फुस यंत्र वापरल्यास सगळे रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर हृदयाभोवतीच्या पिशवीत, म्हणजे हृदयावरणात, थोडे रक्त साचून राहते.

दाहामुळे शेजारशेजारच्या पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग विस्कळित होतात. संदेश एका जागी वेगाने तर दुसऱ्या जागी रेंगाळत जातो, वाटेत वळतो आणि गोल फिरत राहतो. रक्तातील 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' हे दाहाचे मापक शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. ताल चुकण्याचे प्रकारही याच दिवसांत सर्वाधिक दिसतात.

पण दिवस जुळले म्हणजे कारण सिद्ध झाले का?

येथेच विज्ञानाची खरी परीक्षा होते. दाह हे कारण असेल, तर दाह कमी केल्यावर ताल चुकण्याचे प्रमाणही घटले पाहिजे. स्टेरॉइडे दाह दडपतात. नेदरलँड्समध्ये ४,४९४ रुग्णांवर (२०१२) आणि पुढे १८ देशांतील ७,५०७ रुग्णांवर (२०१५) शस्त्रक्रियेच्या वेळी स्टेरॉइड देऊन पाहिले. ताल चुकण्याचे प्रमाण औषध न दिलेल्या गटाइतकेच, जवळजवळ तितकेच, राहिले!

दुसरे औषध कोल्चिसीन. पावसाळ्यात आपल्याकडे कुंपणांवर लाल-पिवळ्या फुलांनी उठून दिसणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत हे द्रव्य असते. (कळलावी अत्यंत विषारी आहे, मुलांना हे आवर्जून सांगावे.) इटलीत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या औषधाने ताल चुकण्याचे प्रमाण २२ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. पण २०१४ च्या दुसऱ्या प्रयोगात स्पष्ट फायदा दिसला नाही, उलट पोटाच्या तक्रारी वाढल्या.

मग दाहाची कल्पना चुकीची ठरली का? नाही. न्यूयॉर्कमध्ये ४२० रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्या रुग्णांच्या हृदयावरणाला मागच्या बाजूने एक छोटा छेद दिला होता. साचणारे रक्त त्यातून डाव्या फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत निघून जात असे. या रुग्णांत ताल चुकण्याचे प्रमाण १७ टक्के होते, तर छेद न दिलेल्यांत ३२ टक्के. साचलेले रक्त विघटित होऊन हृदयाच्या पृष्ठभागाला सतत चेतवत असावे, असे यावरून दिसते. काटा आत ठेवून वरून मलम लावण्यापेक्षा काटाच काढलेला बरा, असा याचा अर्थ. अर्थात हा प्रयोग एकाच रुग्णालयातला होता. तो इतरत्रही पडताळून पाहायला हवा.

दाह हे एकमेव कारणही नव्हे. वय, आधीपासून ताणलेली अलिंदे, शस्त्रक्रियेनंतर वाढलेले ॲड्रिनलिन यांचाही त्यात वाटा असतो. हृदय चालू ठेवून, यंत्राविना केलेल्या बायपासनंतरही ताल चुकतो.

सरांना दिलेले उत्तर

ताल चुकला म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे नाही. बहुतेकांचा ताल काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होतो. तरी दुर्लक्ष करून चालत नाही. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर पक्षाघात होऊ शकतो. म्हणून डॉक्टर वेग आवरणारी आणि गरजेप्रमाणे रक्त पातळ ठेवणारी औषधे देतात. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. काहींना हा त्रास पुढे पुन्हा होतो. मोठे रुग्णालय गावापासून दूर असेल, तर घरी नाडी पाहता येणे फार उपयोगी पडते.

वर्गात करून पाहा: मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. नुसता आकडा नको, दोन ठोक्यांमधले अंतर सारखे आहे का, तेही टिपा. श्वास घेताना आणि सोडताना मुलांच्या नाडीत थोडा फरक पडतो, तो नैसर्गिक असतो. हीच रीत मुलांनी घरी आजी-आजोबांना दाखवावी. नाडीत काहीच नेम आढळला नाही, तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्यावा.